सगळ्यात कमी ठोके

घाटकोपरला आमच्या विहारात दर रविवारी वंदना झाली, ध्यान झालं, की चहाच्या आधी एक छोटीशी स्पर्धा व्हायची. तिला स्पर्धा म्हटलेलं मात्र कुणालाच खपलं नसतं. करोनाच्या दिवसांत घरोघरी आलेलं, बोटाला लावायचं ते ऑक्सिजन मोजायचं यंत्र कुणीतरी विहारात आणून ठेवलं होतं. त्यात नाडीचे ठोकेही दिसतात. पांढऱ्या कपड्यांतली सत्तरीची मंडळी एकेक करून त्यात बोट घालायची. ज्याचे ठोके सगळ्यात कमी त्याचं ध्यान सगळ्यात खोल, हे न बोलताच ठरून गेलं होतं.

वर्षभर पहिला नंबर माझ्या बाबांचा. दुसरा त्यांच्या जिवलग मित्राचा, त्यांना मी लहानपणापासून काका म्हणते. बाबांचे ठोके आधी पन्नास, मग पंचेचाळीस, मग चाळीस. "तीस वर्षं बसतोय रोज पहाटे," असं म्हणून बाबा चहाचा कप उचलायचे, जणू त्यात विशेष ते काय! महापालिकेच्या पाणीखात्यात जन्म काढलेल्या या माणसाकडे कुणी एवढ्या कौतुकानं कधी बघितलं नव्हतं. मलाही छान वाटायचं, खोटं कशाला बोलू?

याच काळात बाबा जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर थांबून शेजाऱ्यांची विचारपूस करायला लागले होते. आई म्हणायची, "रिटायर झाल्यापासून फारच माणसाळलेत गं हे."

त्या रविवारी मी मुलुंडहून आले होते. यंत्रात छत्तीस आकडा आला. सगळ्यांनी हात जोडून "साधु, साधु, साधु" म्हटलं. बाबा दोन शब्द बोलायला उभे राहिले आणि उभ्याउभ्याच कोसळले. डोळे उघडे, पण त्यांना काही दिसत नव्हतं. क्षणात शुद्धीवर आले आणि म्हणाले, "काही नाही, पायाला मुंग्या आल्या." मी त्यांचं काही ऐकलं नाही, आईला सोबत घेतलं आणि त्यांना सरळ रिक्षात घातलं.

हॉस्पिटलात डॉक्टर म्हणजे माझ्या मुलीपेक्षा थोडी मोठी असेल एवढी पोरगी. तिनं बाबांच्या छातीला वायरी लावल्या आणि पडदा आमच्याकडे वळवला. त्यावर रेघ धावत होती. रेघेवर छोटे उंचवटे होते, अगदी नियमित, आणि मधूनच एखादा उंच सुळका.

"हे छोटे दिसतात ना, ते वरचे कप्पे," ती म्हणाली. "तिथे चिंचोक्याहून लहान अशी एक जागा असते, तिथून प्रत्येक ठोक्याची वीज निघते. ती मधल्या वाटेनं खाली जाते आणि खालचे कप्पे दाबले जातात. यांची मधली वाट बंद पडलीय. वरून हुकूम सुटतोय, खाली पोचतच नाहीये."

"मग हे सुळके कशाचे?" मी विचारलं.

"खालचे कप्पे वाट बघून बघून स्वतःच चालतायत. सावकाश, जमेल तसे."

बाबांच्या छातीत वरचं आणि खालचं यांचा काहीएक संबंध उरला नव्हता. वरचं न चुकता निरोप धाडत होतं. खालच्याला एकही मिळत नव्हता, तरी त्यानं काम सोडलं नव्हतं. कुणी शिकवलं त्याला हे? ज्या ठोक्यांना आम्ही हात जोडले, ते या एकट्या पडलेल्या मांसाचे होते. किती महिने त्यानं बाबांना जिने चढवले, भाजी आणवली, आमच्याशी भांडू दिलं! मला त्या पडद्यापुढेच हात जोडावेसे वाटले.

"पेसमेकर बसवायला लागेल. आजच," डॉक्टर म्हणाली. "खालचं हे कधीही दमू शकतं."

बाबा शांतपणे म्हणाले, "नको. ही माझी साधना आहे, ताई. तुम्ही मशीन घालून ती बिघडवणार."

माझं डोकं सटकलं. "बाबा, वाट लागलीय तिथे आणि साधना कसली? मरायचंय का?" आई नुसती रडत होती. बाबा पडद्याकडे बघत राहिले, पहाटे ध्यानाला बसतात तसे, ताठ.

आणि रेघेवर सुळका आलाच नाही. छोटे उंचवटे चालले होते, एकामागून एक, इमानदारीत, आणि खाली नुसती सपाट रेघ. डॉक्टर पुढे झेपावली. आईनं माझा दंड इतका घट्ट धरला की नंतर तिथे वळ उठला. मग सुळका आला.

"आत्ता अंधारून आलं," बाबा हळूच म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. भीतीनं नाही, मी त्यांना ओळखते. "इतकी वर्षं आत बघतोय मी. आणि हे एवढं चाललेलं, ते मला कधी दिसलंच नाही." मग डॉक्टरकडे वळून म्हणाले, "बसवा."

महिन्याभरानं बाबा विहारात आले. कॉलरबोनखाली काडेपेटीएवढा उंचवटा होता, तो प्रत्येकाला बोट लावून दाखवून झाला. ध्यानानंतर यंत्र फिरलं. बाबांचे ठोके ब्याऐंशी, म्हणजे पार शेवटून पहिले. काकांनी बोट घातलं, बेचाळीस. सगळ्यांचे हात जुळले. काका लाजून हसले. वर्षभर दुसऱ्या नंबरावर काढलेल्या माणसाचं ते हसणं होतं.

"साधु" म्हणायच्या आत बाबा उठले आणि काकांचा हात धरला. "चल."

"कुठे?"

"कार्डिओग्राम काढायला."

काकांचा चेहरा पडला. "जळतोस काय रे माझ्यावर?"

"हो, जळतो," बाबा म्हणाले. "चपला घाल."

मी रिक्षा थांबवली. काका रस्ताभर पुटपुटत होते, की चहासुद्धा पिऊ दिला नाही या माणसानं. बाबांनी काकांच्या मनगटावर बोटं ठेवली होती, ती हॉस्पिटलचं दार येईपर्यंत उचलली नाहीत.