पांदणीनं जाणारी सायकल

मी गाव सोडलं तेव्हा ट्रंक माझ्या डोक्यावर होती आणि सायकल बाबांच्या खांद्यावर. श्रावण होता. डोणगावला बस गाठायची होती आणि आमच्या वस्तीमागच्या पांदणीत काळ्या मातीचा असा गारा झाला होता, की चाकं फिरायचीच बंद झाली. पांदण म्हणजे शेतांमधून जाणारी बैलगाडीची वाट. दोन्ही बाजूंना बाभळी, बोरी, हिवर. वर सावली, खाली काटे. बाबा गवंडी. कामाला रोज याच वाटेनं डोणगावला जायचे. चिखल अडकतो म्हणून त्यांनी सायकलचे मडगार्ड कधीच काढून टाकले होते, आणि पंक्चरचं सामान कायम खिशात असायचं.

खरं तर गावातून, चावडीवरून, सरळ मुरमाचा रस्ता होता. मी लहानपणापासून विचारायचो, "बाबा, चांगला रस्ता सोडून आपण इकडून काऊन जातो?" उत्तर ठरलेलं. "इकडे हवा बरी लागते." त्या सकाळीही तेच. गुडघ्यापर्यंत चिखल, खांद्यावर सायकल, आणि म्हणे हवा बरी लागते! मला हसू आलं आणि रागही आला. बस कशीबशी मिळाली. खिडकीतून पाहिलं तर बाबा काडीनं चाकातला गारा काढत होते, मान खाली घालून. माझ्याकडं बघायचं ते टाळतायत हे मला कळत होतं.

महाराष्ट्र तेव्हा नवा नवा होता आणि पुण्याबाहेर कारखाने उभे राहत होते. हडपसरच्या पुढं एका कारखान्यात मला फिटरची नोकरी लागली. सायकल घेतली आणि पावसाळ्याआधी, आपल्या रीतीप्रमाणे, तिचे मडगार्ड काढले. तिकडचा चिखल पातळ. पहिल्याच पावसात सगळा पाठीवर उडाला. शर्टावर मानेपर्यंत तांबडा पट्टा घेऊन मी शिफ्टला गेलो, आणि अख्खं खातं हसलं. संध्याकाळी गुपचूप मडगार्ड परत बसवले.

कारखान्याला जायला मोठा रस्ता होता, पण ट्रकवाले सायकलवाल्याला माणूस समजत नसत. मागून भोंगा वाजला की खडीत उतरायचं, पडायचं, उठायचं. म्हणून मी वेगळी वाट शोधली, कालव्याच्या काठची. झाडं, पाणी, बगळे. भुसभुशीत मातीत चाक रुतायचं, वाटेत म्हशी बसलेल्या असायच्या, अंधार पडला की डायनामोच्या उजेडात कालवा कुठं आणि वाट कुठं ते कळायचं नाही. तरी मला तीच आवडायची. ती थेट पांदणीसारखी होती, फक्त काटे कमी.

त्या वाटेवर एक बंगला होता. फाटकात एक पेन्शनर आजोबा उभे असायचे. ते दिसले की मी सायकलवरून उतरायचो, हाती धरून पुढं चालायचो आणि लांब गेल्यावर परत बसायचो. आमच्या वस्तीतले लोक गावात असं करायचे. "मोठ्या माणसांसमोर उतरावं," असं आई सांगायची. मला तो मानाचा भाग वाटायचा.

एक दिवस आजोबांनी हाक मारली. "काय हो, सायकल रोज इथंच बिघडते का?"

"नाही," मी म्हणालो, "तुम्ही उभे असता म्हणून उतरतो."

ते चकितच झाले. "मी उभा आहे तर तुम्ही कशाला चालायचं? बसा, बसा, उशीर होईल."

मी बसलो, पण डोक्यात किडा शिरला. कारखान्यात कोणीच कोणासमोर उतरत नव्हतं. तिथल्या म्हाताऱ्यांना मान नव्हता असंही नाही. मग आपण कशासाठी उतरत होतो?

पुढच्या उन्हाळ्यात सुटीवर आलो तेव्हा बाबांना हे सांगितलं. ते पाणी पीत होते. तांब्या खाली ठेवला. "म्हंजे तो म्हतारा सोताच म्हने, उतरू नको?" मी हो म्हटलं. "अजून एकदा सांग." मी पुन्हा सांगितलं. जेवताना त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं, त्याचा चेहरा कसा होता, हसून राह्यला होता का.

मग आपणहून बोलले. "चावडीसमोरून आपल्या लोकाले सायकलवर बसून जाता येत नव्हतं. उतरा लागे. म्या ठरवलं, कोणासमोर उतरायचं नाही. मंग राह्यली पांदण."

"आणि आता?"

"आता कोनी म्हनत नाही. पन आपन कधी जाऊन पाह्यलंच नाही."

आम्ही बौद्ध होऊन काही वर्षं झाली होती. गावाच्या सवयी मात्र तशाच होत्या, आणि थोड्या आमच्याही. मला एकदम रडू आलं. इतकी वर्षं हा माणूस काटे काढत राहिला आणि मला हवा सांगत राहिला.

परत निघालो त्या सकाळी पांदण कोरडी ठणठणीत होती. पण वस्तीच्या तोंडाशी बाबांनी हँडल गावाकडं वळवलं. "बस मांगं."

मी ट्रंक घेऊन कॅरिअरवर बसलो. चावडीच्या ओट्यावर चार मोठे शेतकरी बसलेले. जवळ आलो तसे बाबांचे पाय मंदावले. सायकल डगमगली. माझाच पाय खाली टेकायला निघाला होता. तेवढ्यात त्यांनी घंटी वाजवली, एवढी लांब की कुत्री उठली.

ओट्यावरचे सगळे आमच्याकडं बघत राहिले. मग एकानं विचारलं, "काय गा गवंडी, पोरगं चाललं काय?"

"हाव, चाललं!" बाबा म्हणाले. पायडल मारतच.

गाव मागं पडल्यावर त्यांचा सदरा घामानं चिंब झालेला मला दिसला. मग म्हणाले, "इकडेबी हवा बरी लागते बे."

पुढं ते पांदणीनंही जायचे. पण उन्हाच्या दिवसांत, सावलीसाठी.

गावी राहिलेल्यांनो आणि माझ्यासारख्या निघून आलेल्यांनो, आता माझं घर पुण्यात आहे, पोरांना गारा ठाऊक नाही आणि कालव्याच्या काठानं कॉलन्या उठल्यात. तरी कोणी 'घर' म्हटलं, की मला चावडीसमोरचा तेवढा रस्ता दिसतो, जिथं बाबांचे पाय पायडलवरून खाली आले नाहीत.