वकीलबाईची तक्रार

आमच्या संघात नियमांची पुस्तिका वाचलेली एकच मुलगी होती. बाकी आम्ही अकरा जणी कबड्डी शिकलो त्या हातापायांनी. पंचाने शिट्टी मारली की थांबायचं, एवढाच आमचा कायदा. तिच्या बॅगेत मात्र गुडघ्याच्या पट्ट्यांशेजारी ती पातळ पुस्तिका असायची, शाळेच्या वहीसारखं खाकी कव्हर घातलेली. पंचाचा निर्णय चुकला की ही हात वर करून नियम सांगायची. सांगायची अगदी आदबीने, "सर, एक मिनिट" म्हणून, आणि तेच पंचांना जास्त झोंबायचं. आमच्या सरांनी वैतागून तिला वकीलबाई म्हणायला सुरुवात केली. त्यांनी मारलेला टोमणा तिने पदवीसारखा मिरवला.

वकीलबाई मिरा रोडची, मूळ दापोलीकडची कोकणी मुसलमान. मी चौक गावची, कोळ्यांच्या घरातली, आणि संघाची कर्णधार. आमचा सराव काशीगावला. घरात हाय-न्हाय बोलून वाढलेली मी चार लोकांत बोलताना अडखळायचे, ती छापल्यासारखं बोलायची. बक्षीस द्यायला आलेला कोणीतरी पाहुणा तिचा स्कार्फ बघून हमखास म्हणायचा, "अरे वा, मराठी किती छान बोलतेस!" ती तितकंच गोड हसून म्हणायची, "थँक्यू सर. तुम्हीपण बरं बोलता." पाहुणा खूश होऊन टाळ्या वाजवायचा.

ती पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट, शॉर्टच्या आत घोट्यापर्यंत लेगिंग आणि डोक्याला काळा स्कार्फ घालून खेळायची. या स्कार्फबद्दल मत नसलेला माणूस मिरा-भाईंदरमध्ये मला अजून भेटलेला नाही. कुठल्याशा संस्थेच्या एक मॅडम होत्या, त्या खास तिच्या सुटकेसाठी मैदानावर यायच्या. गाडीतून उतरून, गॉगल डोक्यावर सरकवून विचारायच्या, "गरम होत नाही का गं तुला?" ती म्हणायची, "होतं ना मॅडम. भाईंदरमध्ये कोणाला होत नाही?" तिच्या इमारतीत एक चाचा होते, ते तिला जिन्यात गाठायचे. "बेटी, अच्छे घर की लडकियाँ चार लोगों के सामने उठापटक नहीं करतीं." ही म्हणायची, "चाचा, चार नहीं, चार सौ थे. अगले इतवार आप भी आइए." मॅडमनी तिची एकही चढाई शेवटपर्यंत पाहिली नाही. चाचांनी तर मैदानच पाहिलं नव्हतं. मतं मात्र दोघांचीही पक्की होती.

आणि 'घरून दबाव असेल बिचारीवर' म्हणणाऱ्यांसाठी सांगते, तिचे अब्बा दर रविवारी केळी घेऊन मैदानावर यायचे. कडेला उकिडवे बसून ओरडायचे, "अगो, पायात घूस, पायात!" ते ओरडले की आमचे सर हळूच चार पावलं लांब जाऊन उभे राहायचे, कारण अब्बांना सरांपेक्षा जास्त कळत होतं.

नियम तिच्या विरुद्ध गेला तर ती भांडायची नाही, हे तिच्या शत्रूंनीसुद्धा मान्य करावं. सामन्याआधी पंच आमची नखं बघतात, अंगाला तेल लावलंय का बघतात, अंगठ्या काढायला लावतात. पहिल्याच स्पर्धेत तिच्या स्कार्फला सात सेफ्टी पिना निघाल्या. पंचाने बाहेर बसवलं. मी तिच्या वतीने भांडायला निघाले, तर तिनेच मला धरून खाली बसवलं. "बरोबर आहे त्याचं. पकडीत पीन लागली तर समोरचीचा डोळा जाईल." पुढच्या आठवड्यात ती जुन्या लेगिंगच्या कापडाचा, बिनपिनांचा स्कार्फ शिवून घेऊन आली. आम्हाला एकेकीला तो ओढायला लावला. ओढला की गळ्याला काच न बसता सरळ हातात यायचा. "सुटून पडलं तर चालेल, फास बसायला नको," ती म्हणाली. एवढा विचार आमच्या सरांनी संघासाठी दहा वर्षांत केला नसेल.

दोन वर्षांपूर्वी भाईंदरला झालेल्या स्पर्धेतून जिल्ह्याचा संघ निवडायचा होता. जिल्ह्याचं प्रमाणपत्र म्हणजे खेळाडूंच्या कोट्यातल्या नोकरीची पहिली पायरी, हे आम्हा दोघींनाही चांगलं माहीत होतं. अंतिम सामन्याचे मुख्य पंच पोट सावरत आले, तिच्यासमोर थांबले आणि म्हणाले, "हे गणवेशात बसत नाही." तिने विचारलं, "सर, मनाई कुठल्या नियमात आहे?" पंचांना नियम आठवेना. न आठवणारी माणसं मग कागद मागतात. "लिहून दे, स्वतःच्या जबाबदारीवर डोक्याला कापड बांधून खेळते म्हणून." तिने लिहिलं, आणि पुढे जोडलं, 'गणवेशाचा भाग म्हणून'. पंचांनी तेवढंच खोडलं. ती पेन धरून अडून राहिली. लोक शिट्ट्या मारायला लागले. तेव्हा मीच ओरडले, "कर ना गं सही, उशीर होतोय!" वकीलबाईने आयुष्यात पहिल्यांदा, न पटलेल्या कागदावर सही केली.

शेवटच्या चढाईला आम्ही एका गुणाने मागे होतो. ती गेली, दोघींना शिवली आणि वळली. मध्यरेषेपासून हातभर अंतरावर असताना कोपऱ्यातल्या मुलीने मागून तिचा स्कार्फ धरला. हिसका बसून ती मागे झुकली, स्कार्फ त्या मुलीच्या हातात आला, आणि तेवढ्या वेळात बाकीच्यांनी तिचे घोटे धरले. पंचांनी शिट्टी मारली, बाद दिली. सामना संपला. चढाई करणारीचं अंग धरायचं, मुद्दाम कपडा धरला तर ती बाद नाही, हे चौकातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं.

ती उठली. मोकळ्या केसांनी, सगळ्या गर्दीसमोर, त्या मुलीच्या मुठीकडे बोट दाखवून म्हणाली, "सर, कपडा धरलाय. मूठ बघा." पंचांनी मूठ पाहिली. थोडा विचार केला. मग म्हणाले, "तो कपडा धरत नाहीत. गणवेशात नाही ना तो. तूच लिहून दिलंयस." डोक्यावर होता तोवर त्या कपड्याने यांची झोप उडवली होती, आणि दुसरीच्या मुठीत गेल्यावर तो कपडाच नव्हता. इतकी अक्कल चालवायला माणसाला खरंच मेहनत लागत असेल.

लेखी तक्रारीला अर्धा तास असतो आणि तिच्यावर कर्णधाराची सही लागते. वकीलबाईने माझा टॉवेल डोक्याला गुंडाळला आणि नियमाच्या क्रमांकासकट तक्रार लिहून काढली. ती सहीसाठी माझ्याकडे यायच्या आत सरांनी मला बाजूला घेतलं. "निवड समितीत हाच पंच बसतोय. यादीत तुझं नाव आहे. मी काही सांगत नाही, बघ बाई तुझं तू." मी पाण्याची बाटली उचलली आणि नळावर गेले. बाटली भरली, ओतली, पुन्हा भरली. परत आले तेव्हा चेहरा पाडून म्हणाले, "अगं, वेळ संपला ना!" तिने कागदाची घडी करून पुस्तिकेत ठेवली.

दुसऱ्या दिवशी तिचा मोकळ्या केसांचा फोटो सगळ्यांच्या मोबाईलवर होता. मॅडमनी लिहिलं, 'बंधन गळून पडलं!' चाचांनी इमारतीच्या ग्रुपवर लिहिलं, 'यही दिन देखना बाकी था.' त्या फोटोत तिचं बोट आणि त्या मुलीच्या मुठीतलं काळं कापड अगदी स्पष्ट दिसतं. तिने दोन्हीकडे एवढंच उत्तर दिलं, 'फाउल आहे. मूठ बघा.' दोन्हीकडच्यांनी फक्त केस बघितले.

यादीत माझं नाव आलं, तिचं आलं नाही. ती सरावाला यायची थांबली. सगळे म्हणाले, घरच्यांनी बंद केलं असणार, त्यांच्यात असंच असतं. मी ते खोडून काढलं नाही, कारण मला ते सोयीचं होतं. तिचं खेळणं तिच्या घरच्यांनी बंद केलं नाही, आम्ही बंद केलं. हे फक्त माझ्या आईने ओळखलं. मासळीची टोपली उतरवता उतरवता तिने विचारलं, "तू कप्तान व्हतीस ना गो? मंग बोलली का न्हाय?" मी आंघोळीला निघून गेले.

गेल्या वर्षी मला नोकरी लागली. त्याच महिन्यात तिचं कुटुंब पनवेलला जायला निघालं, तिला तिकडे एका लॅबमध्ये काम मिळालं होतं. मी पेढे घेऊन गेले. घरभर बांधलेली खोकी होती. तिने एका खोक्यावर बसायला जागा करून दिली, पेढा खाल्ला, अब्बांना दिला, नोकरीचं सगळं नीट विचारलं. मला राहवलं नाही. म्हटलं, "अगं, त्या दिवशी खरंच वेळ..."

"सतरा मिनिटं बाकी होती," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "मी घड्याळ बघत होते. नळ तिथून दिसतो." मग म्हणाली, "पेढे छान आहेत. चौकचे की भाईंदरचे?"

ती दारापर्यंत सोडायला आली. आमच्या संघातल्या मुली एकमेकींच्या पाठीत धपाटा घालतात, हरल्यावरही, निरोप घेतानाही. मी हात उचलला. तिने अर्ध्यातच तो आपल्या हातात घेतला आणि व्यवस्थित, आदबीने मिळवला, सामना संपल्यावर रेषेपलीकडच्या संघाशी मिळवतात तसा.