पाचव्या खांबापर्यंतचं धुकं

हवामानशास्त्राच्या एका शोधपत्रिकेच्या कचेरीत आत्या सव्वीस वर्षं काम करत होत्या. भाच्यांच्या आत्या होत्याच, पण संपादकांपासून शिपायापर्यंत सगळ्यांच्याही झाल्या होत्या. कामाला चोख, जिभेला जरा तिखट.

आलेला लेख पत्रिकेच्या कक्षेत बसतो का, हे आधी त्या बघत. विषयांची यादी कपाटाच्या दारावर चिकटवलेली होती: पाऊस, वारा, ढग, धुकं, उष्मा. आत्यांची मात्र स्वतःची खूण वेगळी. त्या थेट तक्ता उघडत. मिलिमीटर, अंश, मीटर असं काही दिसलं नाही, की लेख परत.

एकदा एका नावाड्याचा लेख आला. धक्क्यावरून रोज सकाळी धुक्यात नदीतले किती खांब दिसतात, ते त्याने अकरा वर्षं लिहून ठेवलं होतं. मोजमापाच्या रकान्यात नुसतं ‘खांब’. उद्या कोणी वारा फांद्यांत मोजेल, असं पुटपुटत आत्यांनी ‘कक्षेबाहेर’ असं पत्र धाडून दिलं.

उत्तर एका ओळीचं आलं. कळवलंत ते बरं झालं, आता वही बंद करतो.

त्या ओळीने आत्यांना घास गोड लागेना. दुसऱ्या सकाळी त्या गच्चीत कपडे वाळत घालत होत्या. शेजारीण म्हणाली, काय धुकं आहे, समोरची टाकीसुद्धा दिसत नाही. आत्यांचा हात दोरीवरच थांबला. टाकी शंभर पावलांवर. म्हणजे आपणही असंच मोजतो की.

देवाचं नाव घेऊन त्यांनी कचेरी गाठली आणि लेखाची ठेवलेली प्रत काढली. शेवटच्या पानावर प्रत्येक खांबाचं अंतर दोरी धरून मोजलेलं होतं, चक्क मीटरमध्ये. ते पान त्यांनी उलटलंच नव्हतं.

त्या तडक संपादकांकडे गेल्या आणि चूक सांगून टाकली. ते हसले. “आत्या, इथे मोठमोठे विद्वान चुकतात. कबूल करणाऱ्या तुम्हीच पहिल्या.”

आत्यांनी नावाड्याला फोन लावला. “दादा, वही बंद केलीत का हो?”

तो म्हणाला, “करणार होतो. पण सकाळी धुकं होतं. न लिहून कसं चालेल?”

लेख छापून आला. वर्षाने पत्रिकेच्या प्रभावाचा हिशेब झाला, तेव्हा इतर संशोधकांनी त्याचा उल्लेख दोनदाच केलेला निघाला. संपादकांचा चेहरा उतरला. त्याच आठवड्यात नदीच्या वाहतूक कार्यालयाचं पत्र आलं: तुमच्याकडे छापलेल्या लेखावरून नियम केला आहे, पाचवा खांब दिसल्याशिवाय आता सकाळची पहिली होडी सुटत नाही.

“हा धरा तिसरा उल्लेख,” आत्या म्हणाल्या.

असलं हिशेबात धरत नाहीत, असं संपादकांनी समजावलं. आत्यांनी ऐकून घेतलं, पत्र कपाटाच्या दारावर यादीखाली चिकटवलं आणि टपालातला नवा लेख शेवटच्या पानापासून उघडला.