अर्धी सोडलेली दाढ

२०१९ साली मी अडुसष्ट वर्षांचा होतो, आणि लवंगेचा वास आला की मला त्या सालातली माझी दाढ आठवते. महिनाभर दाढेखाली लवंग धरून हट्टानं बसलो, शेवटी गाल सुजला तेव्हा बायकोनं मला नेवाशाला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. मी म्हणालो, "उपटून टाका, बाई." त्या म्हणाल्या, "बाबा, दाढ मजबूत आहे, आतली नस सडलीय. ती काढून मुळं साफ केली की दाढ राहील. पण आज भरलंय ते तात्पुरतं. दुखायचं थांबलं तरी आठ दिवसांनी यायचं." सुई टोचली तेवढीच कळली. ठणका गेला, आणि दुखतच नाही तर कशाला जायचं म्हणून मी गेलोच नाही. महिन्यानं बांधावर ऊस खाताना दाढेत भरलेलं सगळं निघून हातावर आलं. बायको म्हणाली, "हीर खांदली, बांधली न्हाई, आन गडी मिरवतोय पानी लागलं म्हनून! जावा आता." मी म्हणालो, "न्हाई जात. ती बाई हसंल." "हसू द्या. भाकरी कुस्करून खायची येळ आली की मी बी हसन." कुस्करलेली भाकरी मला सहन होणारी नव्हती. आज पंचाहत्तरीला त्याच दाढेनं मी भाजलेले शेंगदाणे खातो, तिच्यावर बाईंनी टोपी बसवलेली आहे. बायको बोलली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिल्या एसटीनं जाऊन बाईंच्या बंद शटरपुढं बसलो, आणि त्या आल्यावर चुकलं वगैरे काही न म्हणता नुसता आ करून दाखवला.