फक्कीवाल्या बाई

बाई गाडीतनं उतरल्या की आधी चप्पल काढायच्या. बेलापूरच्या डोंगरात एका कंपनीचं गेस्ट हाऊस बांधायचं होतं, त्याचा नकाशा बाईंचा, पण नकाशा गाडीतच राहायचा आन बाई चुन्याच्या फक्कीचा डबा घेऊन अनवाणी झाडीत शिरायच्या. जिथं खोली यायची तिथं फक्कीची रेघ मारायच्या, मधी झाड आलं की रेघ वळवायच्या. ठेकेदार म्हणायचा, "बाई, ही भिंत हाय का नागीण?" बाई म्हणायच्या, "झाड आधी आलंय. वळायचं आपण."

मला त्या झाडीची लई भीती. आमचे हे तिथं वॉचमन, आमी मराठवाड्यातनं आलेलो, आमच्याकडं असं रान नाय. पत्र्याची खोली, माझा पोरगा गौतम नुकताच रांगायला लागलेला, आन पाचोळ्यात साप. एक तर त्याच्या गोधडीवरनंच गेला. मी पळत जाऊन बाईंचे पाय धरले, म्हटलं, सगळी झाडं तोडा बाई, माझं लेकरू जाईल.

बाईंनी पाय सोडवून घेतले, रागावल्या नाय. म्हणाल्या, "तुमची पक्की खोली पण मीच बांधणार आहे. चल, चूल कुठं हवी ते दाखव." माझी शाळा चौथीतच सुटलेली, जीभच उचलेना. त्यांनी मला जमिनीवर बसवलं, भाकरी थापतेयस असं समज म्हणाल्या, आन सोता शेजारी मांडी घालून बसल्या, डोळे माझ्या डोळ्यांच्या उंचीला आणून.

"इथनं काय दिसायला पाहिजे?"

"पोरगं," मी म्हटलं.

मग साप वर येऊ नये म्हणून त्यांनी जोतं कमरेएवढं उंच धरलं, पुढं पोराला खेळायला कठड्याचा फरशीचा ओटा, आन चुलीसमोर बुटकी खिडकी, बसल्या बसल्या ओटा दिसंल अशी. झाड एक पण तोडलं नाय.

भिंती वर यायला लागल्या तवा बाई येईनाशा झाल्या. आजारी होत्या, आमाला कुठं माहीत. एक दिवस बाईंचा ड्रायव्हर एकटाच आला आन झाडाखाली बसून रडला. बाई गेल्या.

चारच दिवसांनी ठेकेदार गवंड्याला म्हणाला, वॉचमनची ती खिडकी बुजव, पाहुण्यांना चूल दिसंल. आमचे हे खाली बघत राहिले, नोकरीचा सवाल. मी गौतमला काखेत घेऊन पुढं गेले.

"खिडकी राहू द्या साहेब. पोराकडं बघायला हाय ती."

"तुला कोण विचारतंय?"

"बाईंनी विचारलं होतं."

गवंड्यानं हातातली वीट खाली ठेवली.