मांडीवरचा फणस

माजलगावहून दिंद्रुडला जाताना एसटीत माझ्या शेजारी एक बाई बसली, मांडीवर भला मोठा फणस घेऊन. आमच्या कोरड्या मुलखात फणस कुठला! सगळी गाडी वळून बघत होती. ती मात्र लेकराला गोंजारावं तसा त्याच्या काट्यांवरून हात फिरवत होती.

"कुठून आणला गं?" मी विचारलं.

"मालक कामाला कोकनात गेलते. मी कवातरी म्हनले व्हते, फनस कसा लागतो ठावं न्हाई. त्येंनी ध्यानात ठिवलं बगा." ती पदराआड हसली.

मला ते हसू सोसवेना. मी तोंड खिडकीकडे फिरवलं.

संध्याकाळी घरी आमचे हे नव्या रंगीत टीव्हीसमोर बसले होते.

"मला कोणतं फळ आवडतं, सांगा बरं."

"केळं," ते टीव्हीकडे बघतच म्हणाले.

केळं त्यांना आवडतं.