आंबटात टिकलेलं अस्तर

सुमन, माझी बायको, गेली त्याला दीड महिना झाला. ती कामाला होती त्या प्रयोगशाळेतल्या मॅडमचा फोन आला, तेव्हा नारायण पेठेतल्या माझ्या दुकानात पातेलं भट्टीवर होतं, कल्हईचं कथील नुकतं वितळलं होतं. "काका, काकूंना चक्कर आलीय, लगेच दवाखान्यात या." पातेलं तसंच टाकून निघालो. पोचलो तर संपलं होतं... लोक विचारतात, आजारी होती का. नव्हती.

मी चौथी शिकलो, ती दहावी. काचेची भांडी धुवायला लागली आणि बघून बघून पुष्कळ शिकली. वारज्याच्या घरी चहा पिताना सांगायची. डोळ्याला न दिसणारे कण बनवतात, जांभळ्या दिव्याखाली ते लाल चमकतात, शरीरातल्या पेशीत सोडले की आतलं दुखणं शोधता येईल. पण कणात कॅडमियम, म्हणजे विष. ते बाहेर येऊ नये म्हणून वरून पॉलिमरचं, प्लॅस्टिकसारखं, अस्तर. तरी कण सोडले की पेशी मरायच्या. "अहो, तुमच्या कल्हईसारखंच की." मी म्हटलं, "मग पेशी का मरतात?" "पाण्यात महिनाभर टिकतं हो, पेशीत गेलं की सुटतं." "पाण्यात कुणाचंही टिकेल. मॅडमला म्हणावं, ताक घालून बघा. कल्हई कच्ची असली तर पितळ उतरून सकाळचं ताक संध्याकाळी कळकतं." टोमणा होता तो. तिनं खरंच जाऊन सांगितला. पेशीच्या आत आंबटपणा असतो म्हणे. आंबटात ठेवलं तर अस्तर सुटलं. सगळं नव्यानं केलं, जाड अस्तर दिलं, ते टिकलं. त्या दिवशी चपला न काढताच आत आली. "पेशी जगल्या. एकदा येऊन बघा ना." मी म्हटलं, "गिऱ्हाईक सोडून दिवे बघत फिरू?" नंतर तीन-चारदा म्हणाली, मग म्हणायची थांबली. मला वाटलं, विसरली.

परवा तिचं सामान आणायला पहिल्यांदा तिथं गेलो. मॅडमनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला सांगितला. "आंबटाची तपासणी आम्ही करणारच होतो, काका. काकूंमुळे लवकर झाली." काळोखात लाल ठिपके, प्रत्येक पेशीत मूठभर. मेलेली पेशी आकसते म्हणे. या टम्म होत्या. "घरी निघताना काकू रोज बघायच्या. म्हणायच्या, ह्यांनी बघून 'बरं झालंय' म्हटलं की मग खरं."

आयुष्यात कुठल्याच कामाला मी त्याहून जास्त काही म्हटलेलं नाही... मॅडम दिवा बंद करायला लागल्या. म्हटलं, राहू द्या जरा.

"बरं झालंय," मी म्हणालो. ऐकायला फक्त मॅडम होत्या.